शालिग्राम टेंभेकरांची एकच प्रत

रंगमंचावर प्रेक्षकांना कधीच न दिसणारी एक जागा असते. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीला चिकटून एक लंगडं स्टूल, वर झीरोचा बल्ब आणि बसणाऱ्याच्या मांडीवर वही. जबलपूरच्या मराठी मंडळाच्या नाटकांत ही जागा कितीतरी वर्षं शालिग्राम टेंभेकरांची होती. टाळ्या पडल्या तर त्या नटांच्या. नट अडखळला तर मात्र सगळे विंगेकडे डोळे वटारून बघणार. या वाटणीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये, एवढं जमलं की रात्री घरी जाऊन त्यांना गाढ झोप लागे. आयुष्यात एकच माणूस त्यांच्या या कामगिरीवर नाराज होता. ती त्यांची बायको, इंदू.

इंदू अमरावतीची. लग्न होऊन पंचाहत्तर साली जबलपूरला आली आणि दोन वर्षांत मंडळाच्या गणेशोत्सवात उभी राहिली. मंडळाच्याच एका सभासदाने लिहिलेलं तीन अंकी नाटक होतं. त्यात कावेरी नावाची सून. तिसऱ्या अंकात सासू सगळ्यांसमक्ष तिच्यावर आळ घेते की देवघरातला नंदादीप हिनेच मुद्दाम विझवला. त्यावर कावेरीने म्हणायचं, "दिवा मी नाही विझवला. तेल संपलं होतं."

इतकं साधं वाक्य. पण इंदू ते लगेच म्हणत नसे. ती थांबायची. सासूकडे बघायची, मग विझलेल्या दिव्याकडे, मग कुठेच नाही. मंडप असा चिडीचूप व्हायचा की मागच्या चहावाल्याच्या स्टोव्हची फरफर ऐकू यावी. आणि विंगेत शालिग्राम वहीतल्या ओळीवर बोट ठेवून पुढे झुकायचे. गेलं, वाक्य गेलं हिचं, असं वाटून ते कुजबुजायचे, "दिवा मी नाही विझवला..."

परत जाताना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून इंदू भांडायची.

"काहून घाई करता हो? मला येते ना वाक्य."

"तू थांबतेस तं माझा जीव जाते."

"मग जाऊ द्या जरासा. लोकांचाही जाते, म्हणून तं ते पाहून राहतात."

"अन खरंच विसरलीस एखाद् दिवशी?"

"तर विसरीन. तुमच्या वहीतून थोडीच येणार आहे मला रडू!"

पुढच्या प्रयोगाला शालिग्राम ओठ घट्ट मिटून बसायचे. इंदू थांबली, की मिटलेले ओठ आपोआप उघडायचे.

त्यांच्या या घाईचं, काही राहून जाईल या धास्तीचं, मूळ त्यांच्या नोकरीत होतं. ते एका संरक्षण कारखान्यात, ड्रॉइंग ठेवायच्या खोलीत कामाला होते. पुर्ज्याचं माप बदललं की नवं ड्रॉइंग निघे. ते घेऊन शालिग्रामांनी यंत्रं चालत त्या शॉपमध्ये जायचं, कारागिराकडून जुनी प्रत परत घ्यायची, तिच्यावर लाल शाईने 'रद्द' लिहायचं, सही, तारीख, आणि प्रत थेट भट्टीत. एका वेळी एकच प्रत खरी. त्यांना हे काम शिकवणारे मुरलीधरपंत म्हणायचे, "टेंभेकर, दोन प्रती म्हणजे दोन बायका. घर बुडालंच समज." पुढे खुद्द पंतांकडूनच एक जुनी प्रत परत घ्यायची राहून गेली. तीन पाळ्यांचा माल जुन्या मापाने निघाला आणि सगळा भंगारात गेला. पंतांना घरी बसवलं. सहा महिन्यांनी परत घेतलं, पण तो माणूस नंतर हसताना कुणाला दिसला नाही. शालिग्रामांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही जुनी प्रत मागे राहिली नाही.

मंडळाच्या नाटकांचं रेकॉर्डिंगही तेच करत. टेपरेकॉर्डर त्यांच्या स्टुलाशेजारीच असे, कारण विजेचा प्लग तेवढा तिथेच होता. अशा तेवीस कॅसेट जमल्या. त्यांपैकी सहांमध्ये इंदू होती.

पंच्याऐंशीच्या भाद्रपदात इंदूला कावीळ झाली. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी शालिग्राम एकटेच सायकल हातात धरून, पायी चालत घरी आले. घरात चार वर्षांची विभावरी होती.

तेराव्यानंतर एका दुपारी त्यांनी कावेरीच्या नाटकाची कॅसेट लावली. आधी मंडपाची खरखर आली, मग बांगड्या वाजल्या. फक्त बांगड्या. त्यांनी बटण दाबून टेप बंद केली, तेवीसही कॅसेट पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि कुलूप लावलं. विभावरी दहा वर्षांची झाली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, आई कशी बोलायची?" ते म्हणाले, "मोठी हो, मग ऐकवतो." पंधराव्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. "परीक्षा होऊ दे." मग तिने विचारणं सोडलं. पोरी विचारणं सोडतात, तेव्हा बापांना वाटतं प्रश्न सुटला.

निवृत्तीनंतर त्यांना कळलं की टेपला बुरशी धरते आणि आवाज मरतो. मग मात्र त्यांची झोप उडाली. अधारतालच्या मेन रोडवर रत्नाकरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रत्नाकर चाळिशीचा, मराठी घरातला, पण मराठी बोलता बोलता तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरणारा. त्याने शालिग्रामांना कॉम्प्युटर बसवून दिला, जुन्या टेपरेकॉर्डरचे पट्टे बदलून तो चालू केला, दोन्हींच्या मध्ये एक वायर लावली आणि शिकवलं, "काका, इकडे कॅसेट चालू, तिकडे लाल बटण. आवाज आपोआप आत येत जाईल."

दोन हिवाळे ते काम चाललं. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू उतरवायला पंचेचाळीस मिनिटंच लागतात, त्यात घाई करता येत नाही. पण एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. शालिग्राम स्पीकर बंद ठेवून हे काम करत. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उठे, पडे, थरथरे. ते फक्त रेघ बघत बसत. ऐकायचं ते विभावरीबरोबर, असं त्यांनी ठरवलं होतं. इतकी वर्षं तिला थांबवलं, आता आपण आधी कसं ऐकायचं? नाटकं पाठ असल्यामुळे रेघेवरूनच त्यांना सगळं कळे. हा नायकाचं काम करणाऱ्या भय्यासाहेबांचा डोंगर, ही हशाची झुडपं. आणि तिसऱ्या अंकात रेघ एकदम सपाट झाली की ते खुर्चीत ताठ बसत. इंदू थांबली होती.

सगळं उतरवून झाल्यावर रत्नाकर म्हणाला, "काका, अब बैकअप ले लो. मशीन का क्या भरोसा." आणि त्याने पाकिटाएवढी एक हार्ड डिस्क दिली.

शालिग्रामांनी बॅकअप घेतला. जसा छत्तीस वर्षं घेत आले होते, तसाच. सगळ्या फाइल डिस्कवर उतरवल्या. एकेक नाव वहीशी ताडून पाहिलं. नवी प्रत मिळाली, आता जुनीचं काम काय? त्यांनी कॉम्प्युटरवरच्या फाइल पुसल्या, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मग अंगणात घमेल्यात तेवीस कॅसेटची टेप उपसून काढली आणि काडी लावली. कव्हरं तेवढी ठेवली, प्रत्येकावर लाल शाईने 'रद्द', सही, तारीख.

काळाकुट्ट धूर बघून शेजारचे भय्यासाहेब कुंपणाशी आले. एके काळचे मंडळाचे नायक. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून मंडप भरेल असा.

"कोणाचं जाळून राहिला बे, शाल्या?"

"मंडळाचं."

"अरे पण आपण दोघं तं जिते आहो ना अजून?"

दोघेही हसले. शालिग्रामांना फार हलकं वाटत होतं. एक खरी प्रत, जागच्या जागी. इंदूच्या जुन्या ब्लाउजच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी ती डिस्क कपाटात ठेवली.

पुढे दर शनिवारी ते कॉम्प्युटरची सफाई करत. कारखान्यात शनिवारचा शेवटचा तास मशीन पुसायचा असे. रत्नाकरने एकदा दाखवलं होतं की एक बटण दाबलं की कॉम्प्युटर आतला पसारा आवरतो, विखुरलेले तुकडे नीट ओळीने लावतो. त्यांनी त्याचा नेम धरला. शनिवार, दुपारी चार. पावणेदोन वर्षांत एकही शनिवार चुकला नाही.

दोन हजार दहाच्या नवरात्रात एका सकाळी ते डिस्क कॉम्प्युटरला लावून फाइल मोजत बसले होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. विभावरी असेल, या वेळेला तीच करते, म्हणून ते लगबगीने उठले. पायात वायर अडकली. डिस्क टेबलावरून कटनीच्या फरशीवर पडली. आवाज फार मोठा झाला नाही.

फोनवर विभावरीच होती. हैदराबादला नोकरी, नवरा तिकडचाच.

"बाबा, मी येऊन राहिले दिवाळीला. पंधरा दिन की छुट्टी मिल गई." मग थोडी थांबून म्हणाली, "और सुनो ना... डॉक्टरकडे गेले होते. तुम्ही नाना बनणार."

शालिग्रामांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, सुन रहे हो? या वेळेस मला आईचा आवाज ऐकायचा आहे. तुम्ही बोलले होते, कॉम्प्युटरमध्ये टाकला. मला माझ्या बाळाला सांगता आलं पाहिजे ना, कैसी बोलती थी. काहीतरी तं माहीत पाहिजे मला."

"हो," ते म्हणाले. "तयार ठेवतो."

परत येऊन त्यांनी डिस्क उचलली. ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी वायर लावली. आतून आवाज आला, टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. कॉम्प्युटरला काहीच दिसेना. त्यांनी वायर काढली, लावली. पुसून लावली. उलटी धरून लावली. देवापुढे ठेवून, नमस्कार करून लावली. अशी नऊ वेळा.

रत्नाकरने दुकानात डिस्क कानाशी धरली आणि लगेच वायर उपटली.

"काका, पडल्यावर किती वेळा चालू केली?"

"नऊ."

रत्नाकरने डिस्क टेबलावर ठेवली. मग दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली. "आत थाळी असते, तिच्यावरून एक सुई फिरते. पडली की सुई वाकते. चालू केली की ती थाळीला खरवडते. नऊ बार... चलो, जाऊ द्या. मूळ तं कॉम्प्युटरवर आहेच ना. आत्ता घरी येऊन दुसरी कॉपी करून देतो."

"कॉम्प्युटरवर नाही. पुसलं मी ते."

"पुसलं? काहून?"

"तूच म्हणाला ना बॅकअप घ्या? घेतला. मग जुनी प्रत रद्द केली."

"अरे काका!" रत्नाकर खुर्चीवरून उठलाच. "बैकअप मतलब दोन जागी! एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं तं त्याला बैकअप नाही बोलत, सामान हलवणं बोलतात."

"पण दोन ठेवल्या तर खरी कोणची?"

"दोन्ही खऱ्या."

"असं कसं असते?"

"असंच असते. अच्छा, कॅसेट? कॅसेट तं असतील?"

शालिग्राम रस्त्याकडे बघू लागले. दुकानाबाहेरून टेम्पो भोंगा वाजवत गेला, सिहोऱ्याची बस गेली. रत्नाकरला उत्तर कळलं. त्याने स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

त्या थंड होत चाललेल्या चहाकडे बघताना शालिग्रामांना एक गोष्ट आठवली. छत्तीस वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर एक लोखंडी दार होतं. तिथे मोठे साहेब सोडून कुणाला जाता येत नसे. प्रत्येक ड्रॉइंगची मूळ प्रत त्या दारामागे होती. खाली शालिग्राम निर्धास्त मनाने कागद जाळत होते, कारण वर ती प्रत होती. पंतांनी 'एकच प्रत खरी' शिकवलं. वरच्या दाराचं कुणी शिकवलंच नाही. आणि घरात वरचा मजला नव्हता.

रत्नाकर भला माणूस. त्याने धीर दिला. डिस्क दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत पाठवायची, तिकडे डिस्क उघडून बघतात. आणि दुसरं म्हणजे घरचा कॉम्प्युटर. "काका, पुसलेलं लगेच जात नाही. फक्त यादीतून नाव कटते. सामान तिथंच पडून असते, वरून दुसरं काही येईपर्यंत. आम्ही ते उकरून काढू शकतो. त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरवर जास्त काही केलं तं नाही?"

"काही नाही," शालिग्राम उमेदीने म्हणाले. "पत्तेसुद्धा नाही खेळलो. फक्त शनिवारी सफाई करत होतो."

रत्नाकरचा चेहरा पडला. "दर शनिवारी?"

"एकही नाही चुकवला."

"काका," तो हळू म्हणाला, "आप थोड़े आलसी होते ना, तर सगळं वाचलं असतं. पसारा आवरताना ते तुकडे इकडून तिकडे जातात, अन जिथं रिकामी जागा दिसेल तिथं बसतात. जुनं सामान त्याच जागेत होतं."

कॉम्प्युटर दुकानात गेला. टेबलावर त्याच्या आकाराचा धुळीचा चौकोन तेवढा उरला. दर चार दिवसांनी विभावरीचा फोन येई. "आईचा आवाज तयार ठेवला ना?" शालिग्राम म्हणत, "हो, हो. तू गाडीत नीट बस." हजार वाक्यं इतरांच्या तोंडात घातलेल्या माणसाला स्वतःच्या पोरीशी एक खरं वाक्य बोलता येत नव्हतं.

भय्यासाहेबांना सगळं कळलं तेव्हा ते काठी टेकत घरी आले. काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले.

मग म्हणाले, "शाल्या, एक सांगू का? पोरीनं कधी ऐकलाच नाही ना आवाज? मग तिला काय कळते? इंदूची सगळी कामं माझ्यासमोर झाली. मी करतो तिचा आवाज. माझा जरा जाड आहे, पण रत्नाकर मशिनीत बारीक करून देईल."

आणि त्यांनी करून दाखवलंच. खांदे आत घेतले, मान किंचित कलती केली, आणि त्या ऐंशीला टेकलेल्या देहातून बारीक, थरथरता सूर निघाला. "दिवा मी नाही विझवला..."

वाईट नव्हतं. वाईट नव्हतं हेच भयंकर होतं.  क्षणभर, फक्त एक क्षण, शालिग्रामांच्या मनाने हिशेब मांडला की खपून जाईल.

"भय्यासाहेब, घरी जा," ते म्हणाले.

"अरे, मी तं तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. पण घरी जा. नंतर माझ्यानं 'नाही' म्हणवणार नाही."

भय्यासाहेब दारापर्यंत गेले, वळले. "ती थांबायची, ते नाही जमलं मला. ते कोणालाच जमलं नसतं," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दिल्लीहून डिस्क परत आली. सोबतच्या कागदावर दोन ओळी होत्या. थाळीचा पृष्ठभाग पूर्ण खरवडलेला आहे. काहीही काढता आले नाही. रत्नाकरने त्याच दिवशी कॉम्प्युटर आणून लावून दिला. उकरून उकरून अकरा तुकडे सापडले होते. नावं गेलेली, नुसते आकडे, कुठला अर्ध्या मिनिटाचा, कुठला दोन मिनिटांचा.

"मी ऐकले नाही," रत्नाकर म्हणाला. "कोणाचं काय आहे, तुम्हालाच कळेल. आप दीदी के साथ सुनना." जाताना तो त्यांच्या पाया पडला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

विभावरी धनत्रयोदशीला सकाळी आली. सामान ठेवलं, चूळ भरली आणि ओल्या हातांनीच म्हणाली, "चला बाबा."

तेव्हा शालिग्रामांनी सांगितलं. उभ्यानेच, सगळं, क्रमाने. कॉपी, पुसणं, घमेलं, शनिवार, फरशी. एकही ओळ गाळली नाही. विभावरी ऐकत होती. तिला मराठी बोलण्यापेक्षा समजायची जास्त. त्यामुळे सगळं समजलं.

"जाळलं?" ती म्हणाली. "तुम्ही स्वतः?"

"हो."

"पच्चीस साल, बाबा! मी दहा वर्षांची होती तेव्हा मागितलं होतं. एक बार सुना देते. एकदा! मी लक्षात ठेवलं असतं. मी... कॉपी तं माझ्याजवळ राहिली असती ना!" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला ऐकवत नव्हतं म्हणून मला नाही ऐकवलं. तुमचं दुःख मोठं. मेरा क्या? माझ्याजवळ तं दुःख करायला पण काही नव्हतं."

 शालिग्राम कॉम्प्युटरपुढे बसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा स्पीकर चालू केला.

पहिला तुकडा भय्यासाहेबांचा. दुसराही. तिसऱ्यात नुसता हशा आणि कुणाचं तरी मूल रडत होतं. चौथा, पाचवा, सहावा भय्यासाहेबच. मंडप दणाणून जात होता. वाचायला नको तो आवाज ठणठणीत वाचला होता. विभावरी भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून उभी होती. सातव्यात खरखर, आठव्यात पुन्हा खरखर. नवव्यात पेटीचे सूर. दहावा रिकामाच.

अकरावा तुकडा बाहत्तर सेकंदांचा होता. सासूचा कर्कश आवाज आला, "देवघरातला दिवा हिनंच विझवला! विचारा तिला!" शालिग्रामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

रेघ सपाट झाली.

शांतता. दूर कुठेतरी स्टोव्हची फरफर. विभावरी भिंतीपासून सुटून जवळ आली.

आणि मग एकदम कानाशी, घाबरा, घाईचा, एका तरुण पुरुषाचा आवाज, "दिवा मी नाही विझवला... तेल संपलं होतं..."

पुन्हा शांतता. बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी खोल श्वास घेतला. एका बाईचा आवाज उमटला, "दि..." आणि तुकडा संपला.



"हा माणूस कोण?" विभावरीने विचारलं.

"मी."

"आणि आई?"

"आई शेवटी आहे. श्वास अन ते एवढंसं."

"ती विसरली होती? म्हणून तुम्ही सांगितलं?"

"नाही," शालिग्राम म्हणाले. "ती कधीच नाही विसरली. ती थांबली होती. मला धीर नाही निघाला. ती नेहमी सांगायची, घाई नका करू. मी घाई केली नसती तर..." त्यांनी बोटाने पडद्यावर रेघेचा तो उंच भाग दाखवला. "या जागेत ती असती. पूर्ण वाक्य असतं."

विभावरीने विचारलं, "कशी म्हणायची ते? तुम्हाला तं सगळं पाठ आहे. म्हणून दाखवा."

त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, होतेच. पण प्रॉम्प्टर शब्द देतो, आवाज देत नाही. तो नटाचा नटाजवळ असतो. त्यांनी ओठ मिटले. इतक्या वर्षांत इंदूच्या त्या जागी ते पहिल्यांदाच गप्प राहिले, आणि ते ऐकायला इंदू नव्हती.

विभावरीने तुकडा पुन्हा लावला. पुन्हा. पाचव्यांदा तिने डोळे मिटले आणि श्वासाच्या वेळेला तिचाही श्वास आत गेला. ती रडली नाही. रडली असती तर शालिग्रामांना सोपं गेलं असतं.

मग तिने पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला आणि तो तुकडा त्यावर उतरवला. काम झालं तसा शालिग्रामांचा हात आपोआप माउसकडे गेला. छत्तीस वर्षांची सवय. नवी प्रत निघाली, जुनीचं काम काय?

"बाबा!"

तव्याला लागल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. "नाही, नाही. ठेव. दोन्ही ठेव. एक रत्नाकरकडे दे. हैदराबादला पोचल्यावर आणखी एक कर. दोन कर."

"खरी कोणची राहणार मग?" तिने विचारलं. त्यात टोमणा होता, आणि तो त्यांनी मुकाट्याने घेतला.

पंधरा दिवसांची रजा तिने सहा दिवसांत आटोपली. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी ती गेली. भांडून नाही, वाकून नमस्कार केला, लाडू बांधून घेतले, पोचल्यावर फोनही केला. फक्त आईबद्दल त्यानंतर तिने त्यांना काही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी चार वाजले. शालिग्राम कॉम्प्युटरपुढे बसले, पण सफाईचं बटण दाबलं नाही. त्यांनी अकरावा तुकडा लावला. सासू ओरडली. रेघ सपाट झाली. ते खुर्चीत पुढे वाकले आणि स्पीकरला अगदी तोंड लावून, पहिल्या रांगेपर्यंत जाणार नाही अशा आवाजात कुजबुजले, "थांब ना जरा, बापा. तिला येते वाक्य."

स्पीकरमधला तरुण माणूस थांबला नाही.